कुंभारणीचे वकील

पनवेलच्या जुन्या सोसायट्यांमध्ये एक तरी नाना असतातच. आमचे नाना सचिव आहेत. कुणाची स्कूटर वीतभर पुढे आली तरी लेखी खुलासा मागतात. पण पावसाळ्यात कुंड्यांखाली चिखल साचला आणि काळी-पिवळी, सुतासारख्या कमरेची कुंभारीण माशी घरात शिरली, की हा माणूस विरघळतो. तिला डिपॉझिट नाही, करारनामा नाही. ओट्यावरचं सॉकेट, गणपतीची तसबीर, खुंटीवरचा रेनकोट, हवी ती जागा तिची.

काकूंनी केरसुणी उचलली की ठरलेलं वाक्य येतं, "तिने तुझं काय घोडं मारलंय?" मग पाहुण्यांना व्याख्यान. ही गांधीलमाशीसारखी गोतावळा करून राहत नाही, उगाच डसतही नाही. चिखलाची गोळी तोंडात धरून आणते, गुणगुणत लिंपते, खोलीत नांगी मारून लुळे केलेले कोळी भरते, एकावर अंडं घालते आणि दार लिंपून निघून जाते. "कोळी जिवंत असतात बरं का! फ्रिजशिवाय ताजे!" हे नाना नेमकं पोह्यांची बशी पुढ्यात आल्यावर सांगतात.

एकदा काकूंनी विचारलं, "आणि हिचा नवरा काय करतो?"

"फुलाफुलांवर हिंडतो, मध चाखतो."

"म्हणजे सचिव असणार!"

कीर्तनात कीटक-भृंगाचा दृष्टांत निघाला, भृंगाच्या ध्यासाने अळीचाच भृंग होतो म्हणून बुवा सांगू लागले, की नाना शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "अळी मुळात हिचीच हो. दुसऱ्याचं फक्त जेवण झालं." सोसायटीच्या सभेत झुरळांच्या औषधाचा विषय आला, तर ते कुंभारणीची हिरवीगार, चकाकणारी चुलतबहीण उभी करतात. ती झुरळाच्या मेंदूत नांगी टोचते आणि त्याला मिशी धरून मुकाट बिळात नेते. "फुकट काम होतंय, वर्गणी कशाला?"

नवी मुंबईचा विमानतळ 2025 मध्ये सुरू झाला, तेव्हा भाच्याने त्यांना कोंडीत पकडलं. 1996 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ एक विमान समुद्रात कोसळलं. वेग मोजणाऱ्या नळीत अशाच माशीने घर केलं असावं, असा तपासाचा कयास होता. नाना गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वाईटच झालं. पण नळीवर झाकण नव्हतं. ते घालायचं काम माणसाचं."

लगेच सोसायटीच्या लेटरहेडवर विमानतळाला पत्र तयार झालं: झाकणं न चुकता घालावीत, मात्र कुंभारणींना उपद्रव होऊ नये. नाना ते रजिस्टर करायला पोस्टात गेले. काकूंना केरसुणीसाठी चांगला अर्धा तास मिळाला. त्या सॉकेटपाशी वाकल्या. मातीला अजून भोक पडलेलं नव्हतं, म्हणजे पिल्लू आतच. काकूंनी मिक्सर उचलला आणि चटणी हॉलमध्ये वाटली.