बॅकअप आहे, काळजी नसावी

‘बॅकअप घेता ना?’ असे विचारले की कुठलाही सिस्टिम ॲडमिन छातीठोकपणे हो म्हणतो. तो परत चढवून कधी पाहिलात, हे विचारणे मात्र शिष्टाचारात बसत नाही. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. घाबरायचे कारण नव्हते, बचावाच्या एक सोडून पाच तरतुदी होत्या! पण डेटाबेसचा रोजचा डंप आवृत्ती न जुळल्याने निमूट फसत होता, ॲमेझॉनवरचा साठा रिकामा होता, आणि अपयशाची खबर देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. अब्रू वाचली ती कोणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेल्या प्रतीमुळे.

यावर म्हणतील, रिस्टोअरच्या तालमीला वेगळा सर्व्हर लागतो, माणसे लागतात. खर्च कोण करणार? बिनतोड मुद्दा. तालमीचा खर्च बजेटमध्ये दिसतो, गेलेल्या डेटाचा दिसत नाही. शिवाय डेटाबेस आला म्हणजे ॲप्लिकेशन उभे राहिले असे नव्हे: कॉन्फिगरेशन, एसएसएल प्रमाणपत्र, क्रॉन, अपलोड झालेल्या फाइली, आणि बॅकअप उघडायची किल्ली, जी बहुधा त्याच मेलेल्या सर्व्हरवर असते. ‘आमचे सगळे क्लाउडवर’ म्हणणाऱ्यांनी मार्च २०२१ मधली ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या स्ट्रासबूर्गच्या डेटा सेंटरची आग आठवावी; काही ग्राहकांचे मूळ आणि बॅकअप एकाच आवारात जळाले. गिटलॅबने निदान दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. आपल्याकडे ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा बंद आहे’ हा फलक लागतो. त्याचा बॅकअप सगळ्यांकडे असतो.