एका बांधीला दोन राखणदार

दिवाळीच्या आगेमागे धान पिवळं पडायला लागलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत माणसं जागलीला जातात. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला चार बल्ल्यांचं मचाण, हातात टॉर्च, उशाला रिकामा डबा. रानडुकरांचा कळप उतरला की डबा बडवायचा. आता समजा, एकाच बांधीवर दोन राखणदार बसवले, दोघांना एकमेकांची ओळख करून दिली नाही आणि ‘अंधारात हलेल त्याला हाण’ एवढाच हुकूम दिला, तर? डुकरं पोटभर जेवून जातील आणि सकाळी दोन्ही राखणदार तालुक्याच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर सापडतील.

शेतात हा प्रयोग कोणी करत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तो राजरोस चालतो.

चंद्रपुरातल्या तुकूमसारख्या वस्तीतलं कोणतंही घर धरा. बैठकीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर क्रोशाचं आच्छादन. आत दोन अँटिव्हायरस, आणि दोन्ही घरमालकाने मागितलेले नाहीत. पहिला दुकानदाराने बिलात जोडून दिला. दुसरा पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत टाकला, कारण तो फुकट होता. आणि फुकट आलेली वस्तू परत करणं घराण्याच्या रीतीत बसत नाही. तिसरा विंडोजच्या पोटात आधीपासूनच होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पुरता अँटिव्हायरस होऊन विंडोजबरोबरच येतो. ही गोष्ट घरमालकाला कोणी सांगितली नाही. दुकानदार तर सांगणारच नव्हता.

या तिघांत समजूतदार एकटा डिफेंडर. बाहेरच्या अँटिव्हायरसने विंडोजच्या सुरक्षा केंद्रात रीतसर नाव नोंदवलं की तो आपणहून काठी ठेवून बाजूला होतो. मालकाने सांगितलंच तर अधूनमधून एखादी फेरी मारतो. ही सोय २०१६ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टला जे उमगलं, ते भाच्याला उमगलं नाही.

अँटिव्हायरस पहारा कुठे देतो, हे पाहण्यासारखं आहे. फाइल उघडायची आज्ञा निघाली की ती डिस्कपर्यंत पोहोचायच्या आत, वाटेत त्याचा ड्रायव्हर बसलेला असतो. आणि गंमत म्हणजे, या प्रत्येक ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्ट चक्क ‘उंची’ नेमून देते. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हे आकडे राखून ठेवले आहेत. म्हणजे मचाणं तर ठरलेलीच आहेत, कोणाचं वर आणि कोणाचं खाली हेही ठरलेलं. ठरलेलं नाही ते एवढंच, की वरच्याने खालच्याला चोर समजू नये.

मग होतं असं. मालक लग्नाच्या फोटोवर डबल क्लिक करतो. पहिला राखणदार म्हणतो, थांब, बघू दे, आणि तपासायला फाइल उघडतो. कोणीतरी फाइल उघडतंय हे दुसऱ्याला दिसतं. तो म्हणतो, थांब, मीही बघतो. दोघांची तपासणी होईपर्यंत नवरीचा चेहरा वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत राहतो. मे महिना असेल, बाहेर पारा सत्तेचाळीसला टेकला असेल, तर प्रोसेसरचा पंखा आणि खिडकीतला कूलर यांत जास्त कोण ओरडतो याची पैज लावता येते. याच शहराच्या उशाला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. एवढी वीज लागते कशाला, याचं निदान थोडं उत्तर बैठकीत मिळतं.

नुसता वेळ गेला असता तरी चाललं असतं. पण व्हायरस ओळखायची जुनी रीत ताडोब्यातल्या वाघांच्या ओळखीसारखी आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे दुसऱ्या कोणत्याही वाघाशी जुळत नाहीत, म्हणून ट्रॅप कॅमेऱ्यात आलेला फोटो जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. अँटिव्हायरसकडेही व्हायरसच्या अशा ‘पट्ट्यांचा’ अल्बम असतो आणि तो सारखा नवा करावा लागतो. आता पहिल्याचा हा अल्बम दुसऱ्याच्या हाती लागला, तर त्याला काय दिसणार? एकाच खिशात हजारो गुन्हेगारांच्या खुणा! तो पहिल्यालाच टोळीचा म्होरक्या ठरवून धरतो. पहिल्याने पकडलेला व्हायरस कोंडवाड्यात नीट झाकून ठेवला नसेल, तर दुसरा तिथे जाऊन तोच व्हायरस पुन्हा पकडतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत आपली पाठ थोपटून घेतो. मालक धन्य होतो. दोन असल्यामुळेच सापडला, बघा!

तसं पाहिलं तर घात करायला दोन राखणदार लागतातच असं नाही, एकटाही समर्थ असतो. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसी-होस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरची मशीनं बंद-चालू, बंद-चालू करत बसली. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने आपल्याच अपडेट करणाऱ्या भागाला चोर म्हणून धरलं. मार्च २०१५ मध्ये पांडाने स्वतःच्याच फाइली संशयित ठरवल्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीनं आडवी केली, आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली. एकेकटे असताना यांचे हे पराक्रम. जोडी जमवायची हौस तरीही फिटत नाही.

या भागाला अशी जोडी नवी नाही, हेही खरं. झुडपी जंगल घ्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली ही जमीन. महसूल खातं म्हणे आमच्या कागदावर, वन खातं म्हणे आमच्या कायद्यात. फाइल एकाने उघडली की दुसऱ्याने थांबवायची, असं कित्येक दशकं चाललं. शेवटी २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे जंगलच आहे. तोवर त्या जमिनीवर शाळा, घरं, कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं काय करायचं तेही न्यायालयालाच सांगावं लागलं. कॉम्प्युटरच्या मालकाला हा दाखला दिला तर तो मान डोलावतो आणि भाच्याला फोन करून तिसरा टाकू का विचारतो.

दोन औषधं एका रोगावर चालतच नाहीत, असंही नाही. नव्वदच्या दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांकडे व्हायरस लागलेली मशीनं यायची. धाकटा भाऊ संजय त्यावर उतारा म्हणून छोटे प्रोग्राम लिहायचा. त्यातूनच पुढे क्विक हील उभं राहिलं. ते पहिले उतारे वैदूसारखे होते: आले, औषध दिलं, गेले. एक वैदू गेल्यावर दुसऱ्याला दाखवायला कोणाची हरकत नसते. आजही व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एक फाइल टाकली तर सत्तरच्या आसपास इंजिनं ती तपासतात आणि एकही भांडण होत नाही, कारण त्यांतलं एकही तुमच्या घरी मुक्कामाला नसतं. तंटा होतो तो मुक्कामी राहणाऱ्यांत. वैदू दहा चालतील, घरजावई दोन चालत नाहीत.

बरं, या दोन घरजावयांना सांभाळायचं कसं? दोघांनाही रोज अपडेट हवं. चंद्रपुरात ते मिळतं. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तिथे नेटवर्कच्या एका काडीवर दोन अपडेट एकमेकांना ढकलत बसतात आणि पुरं कोणाचंच होत नाही. वर तिथलं एखादं मशीन अजून विंडोज ७ वर. त्याला मायक्रोसॉफ्टची डागडुजी १४ जानेवारी २०२० ला थांबली. छप्पर उडालेल्या घराच्या दाराला दोन कुलपं.

आणि चोर? तो या दाराकडे फिरकतही नाही. तो व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका घेऊन येतो, पत्रिकेच्या शेपटीला ‘एपीके’ ही तीन अक्षरं असतात, आणि घरमालक खिशातल्या मोबाइलवर स्वतःच्या बोटाने तिला आत घेतो. कधी ती पीएम किसानची यादी असते, कधी वाहनाचं चलान. खातं रिकामं झालं की १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवायचा असतो, तोही लगेच. पण मालक आधी बैठकीत धावतो आणि कॉम्प्युटरवर दोन्ही अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी लावतो. चार तासांनी दोघेही सांगतात, धोका नाही.

शेवटी दुरुस्तीवाल्या पोराला बोलावणं जातं.

“काका, याच्यातलं एक काढा लागन.”

“काहून? दोन असले तर बरंच आहे ना बे.”

“दोघं एकमेकालेच पाहून राहिले. चोराले कोण पाहीन?”

पोरगं एक काढतं. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. राखणदार उतरला तरी मचाण उभंच राहतं, म्हणून त्याच कंपनीचं काढून टाकायचं वेगळं हत्यार उतरवून घ्यावं लागतं. मग रीस्टार्ट. विंडोजचं चिन्ह येतं आणि पाहता पाहता मशीन तयार. नवरीचा फोटो एका क्लिकमध्ये, कपाळावरच्या बिंदीपासून पायातल्या जोडव्यांपर्यंत, एकदम उघडतो.

घरमालक पडद्याकडे बघत राहतो. आत गॅसवर ठेवलेला चहा अजून उकळलेलाही नसतो.

“बे, हा इतक्या लवकर कसा सुरू झाला? काही तपासूनच नाही राहिला का?”

पोरगं बॅग आवरतं. काका खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “फुकटातलं एखादं आहे का तुझ्याजवळ?”