अंगावर काढायला कुणी लावलं?

'बायका दुखणं अंगावर काढतात.' डॉक्टर म्हणतात, नवरे म्हणतात, आरोग्य शिबिराचे पाहुणेही म्हणतात. पण जी बोलली तिच्या हाती काय पडलं?

एंडोमेट्रिओसिस घ्या. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं आणि दर महिन्याची पाळी छळ होऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे. निदानाला ४ ते १२ वर्षं जातात. तोवर एकच सल्ला: लग्न झालं की थांबेल.

लग्न होतं. दुखणं सासरीही येतं.

नेमकं कारण आजही सापडलेलं नाही, कायमचा इलाजही नाही. सापडणार कसा? शोधायला कुणी बसलं तर ना!

मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रिया औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत नकोत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये सांगितलं. ते बदलायला १९९३ उजाडलं. काळजी होती पोटातल्या बाळाची. आणि आईची?

झोपेच्या गोळीतलं झोल्पिडेम तिथे १९९२ मध्ये मंजूर झालं. बायकांच्या रक्तात ते सकाळीही जास्त उरतं, म्हणून त्यांचा डोस निम्मा करायला हवा, हे सांगितलं गेलं २०१३ मध्ये. तोवर सुमारे २० वर्षं बाईने पुरुषाच्या मापाची गोळी घेतली.

आता आपल्या बीडला या. २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, एवढ्या तक्रारीवरही अनेकींना शस्त्रक्रिया सांगितली गेली. का दुखतं, हे शोधायच्या आतच पिशवी गेली.

म्हणजे बाईला रस्ते दोनच. दुखणं अंगावर काढा, नाहीतर पिशवी काढा.

तिसरा रस्ता संशोधनाचा. चाचण्यांत बायका घ्या, त्यांचे निष्कर्ष वेगळे मांडा, पाळीच्या आणि ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पैसा वेगळा ठेवा. यात अवघड काय आहे?

'अंगावर काढू नका' हे बायकांना सांगून झालं. आता प्रयोगशाळांना सांगा.