करवीर कट

सिनेमा कुठे कापायचा हे कोल्हापूरकराला उपजत कळतं. हे माझं मत आहे आणि मी कोल्हापूरकर असल्यामुळे त्यावरची चर्चा संपलेली आहे. तेव्हा १९७७चा 'स्टार वॉर्स' मी नव्याने संकलित करायला घेतला, यात त्याचा दिग्दर्शक जॉर्ज लुकास याने वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. उलट त्या बिचाऱ्याला घरबसल्या एक जाणकार मिळाला.

असले रिकामटेकडे रसिक जगभर आहेत. आवडत्या सिनेमाची फाईल घ्यायची, न पटलेलं कापायचं, राहून गेलेलं जोडायचं आणि चार मित्रांना पकडून दाखवायचं. याला फॅन एडिट म्हणतात. २००१मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतल्याच 'फँटम मेनेस'ची अशी एक आवृत्ती हातोहात फिरली. त्यात जार जार बिंक्स नावाचं आगाऊ पात्र बरंच छाटलं होतं आणि प्रेक्षकांनी कापणाऱ्याला दुवा दिला. डेव्हिड लिंचचा १९८४चा 'ड्यून' एका हौशी माणसाने वगळलेले तुकडे जोडून जवळजवळ तीन तासांचा केला. 'ब्लेड रनर'च्या बाबतीत मात्र चाहत्यांना फारसे कष्ट पडत नाहीत. १९८२ ते २००७ या काळात त्याच्या मूळ मालकांनीच इतक्या आवृत्त्या काढल्या, की नेमका कुठला पाहिलाय हे आधी ठरवूनच भांडायला बसावं लागतं.

लुकासचं प्रकरण निराळं. हा गृहस्थ १९८८मध्ये अमेरिकेच्या संसदेपुढे जाऊन सांगून आला, की जुन्या कलाकृतींत पैशासाठी फेरफार करणारे लोक रानटी असतात. नऊ वर्षांनी त्याने स्वतःच्याच सिनेमात नवे प्राणी सोडले, गाळलेला जब्बा नावाचा गुंड कॉम्प्युटरवर घडवून परत आणला आणि गुत्त्यात बसलेला हान सोलो समोरच्या ग्रीडोला आधी गोळी घालायचा, तिथे ग्रीडोलाच आधी गोळी झाडायला लावली. हान एका रात्रीत सभ्य झाला. २००४मध्ये दोघं जवळजवळ एकदमच झाडायला लागले. २०१९मध्ये मरायच्या आधी ग्रीडोच्या तोंडी कुणालाच न कळणारा एक शब्द आला. एका टेबलावरचा तंटा इतकी वर्षं आमच्या पेठेतसुद्धा चालत नाही.

माझा पुतण्या लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. मुहूर्त नसतात तेव्हा मी त्याच्या दुकानात खुर्ची ओढून बसतो. माउस त्याच्या हातात, दिग्दर्शन माझं.

"हितनं काप."

"काका, कापलं तर माणूस दारातनं आत न येता डायरेक्ट खुर्चीत बसतोय."

"बसू दे. घरचाच आहे."

असं करत आम्ही शेवटच्या प्रसंगाला पोचलो. लढाई जिंकून झाली आहे, भरगच्च सभागृह आहे, राजकन्या लेया ल्यूकच्या आणि हानच्या गळ्यात पदकं घालते. शेजारी तो केसाळ च्युबॅका उभा आहे. अख्खी लढाई त्याने बरोबरीने केली, पण त्याला काही नाही. तो नुसता ओरडतो. पुतण्याने तिथेच थांबवलं.

"काका, ह्याला का नाही दिलं ओ?"

मला भरून आलं. रक्त बोललं. आमच्याकडे मंडळाच्या सत्कारात एक नारळ कमी पडला, तर पुढच्या वर्षी त्याच गल्लीत दोन गणपती बसतात. आकाशगंगेतल्या पुढच्या सगळ्या यादवीचं मूळ मला त्या क्षणी सापडलं. आमच्या या करवीर कटमध्ये च्युबॅकाचा सत्कार होणार, हे ठरलं. पदक बनवणं जमेना, पण पुतण्याकडे लग्नाच्या कामातला एक तयार भगवा फेटा होता. तो डोक्याला झकास बसला. फक्त च्युबॅका मान वळवून ओरडतो, तेव्हा फेटा जागच्या जागी राहायचा आणि डोकं त्याच्याखालून निघून जायचं.

"काय करालाय मघापासनं?" बायकोने घरी विचारलं. मी तिला संकलनाची थोरवी ऐकवली. 'स्टार वॉर्स'ला संकलनाचं ऑस्कर मिळालं, ते तिघांना. त्यांतली एक मार्शिया लुकास, म्हणजे तेव्हाची लुकासची बायको. १९८३मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

"आणि ही सगळी मोडतोड कधी केली त्यानं?"

"१९९७."

"मग बरोबर आहे की. तुमचं भाषणसुद्धा मीच कापतो, म्हणून लोक शेवटपर्यंत बसतात."

पण हा कापाकापीचा अधिकार आम्हा कोल्हापूरकरांना दिला कुणी? त्यासाठी खरी कॉर्नरला जावं. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. इतर गावांत चौकात घोडे असतात. आमच्याकडे घोडे आहेतच, वर कॅमेराही आहे. माझ्याकडे आलेल्या पाहुण्याला मी रंकाळ्याआधी तिथे नेतो, आणि तो भुकेला असला तरी पुढचं सगळं सांगितल्याशिवाय मिसळ खायला सोडत नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३मध्ये आला. तो पाहून आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी ठरवलं, आपणही सिनेमा करायचा. कॅमेरा नव्हता. मग तो घरीच करायचा ठरला. विकत घेतलेल्या कॅमेऱ्याने कुणीही सिनेमा काढेल, त्यात काय कौतुक? आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. शिष्य दामल्यांना हाताशी घेऊन १९१८मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेने. कंपनीचा 'सैरंध्री' १९२०च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. आणि त्यातला कीचकवध! भीम झालेले बाळासाहेब यादव, कीचक झालेले झुंझारराव पवार. मुंडकं असं उडालं, की थिएटरात लोक हबकले आणि सरकारने तो प्रसंग कापायला लावला. बघा, सेन्सॉरची कात्रीसुद्धा आमच्यामुळे धारेला लागली. बाबूरावांनीही आपला सिनेमा पुन्हा केला, पण कसा? १९२५चा 'सावकारी पाश' मूक होता. बोलपट आल्यावर जुन्याला हात न लावता १९३६मध्ये सगळा नव्याने चित्रित केला. लुकासने एकदा इकडे येऊन जायला हवं होतं. आणि सायन्स फिक्शनचं म्हणाल, तर जयंत नारळीकर जन्मले कुठे? कोल्हापुरात, १९३८मध्ये. पाहुणा एव्हाना घड्याळाकडे बघत असतो.

एका पाहुण्याने मात्र विचारलं, "तो कीचकवध बघायला कुठे मिळेल?"

कुठेच नाही. 'सैरंध्री' नाही, १९२५चा 'सावकारी पाश' नाही. पुण्यात फिल्म अर्काइव्ह झालं १९६४मध्ये; तोवर मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं गेलेलं होतं. ती नायट्रेटची फिल्म ठिणगीला पेटायची, दमट हवेत सडायची आणि तिच्यातली चांदी काढून विकता यायची. भालजी पेंढारकरांचा इथला स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत पेटला. उलट तिकडच्या चाहत्यांनी 'स्टार वॉर्स'च्या १९७७च्या जुन्या पस्तीस एमएमच्या प्रिंट मिळवल्या, त्या स्कॅन केल्या आणि सुमारे पावणेदोन लाख फ्रेम्सवरची धूळ अन् ओरखडे साफ करत मूळ सिनेमा परत उभा केला. मालकाला नको असलेलं चाहत्यांनी जपलं. ते लुकासवर चिडू शकतात, कारण चिडायला त्यांच्याकडे मूळ सिनेमा आहे. आम्ही स्तंभ बांधला, दरवर्षी त्याला हार घालतो, आणि त्या कॅमेऱ्याने 'सैरंध्री'त काय टिपलं ते दाखवायला आमच्याकडे रीळ नाही. मला तो कीचक बघायचा होता. हवा तर कापलेला चालला असता.

परवा पुतण्याकडे एक गिऱ्हाईक आलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पण मामाशी जमिनीवरून फाटलं होतं. व्हिडिओतून मामा काढून टाकायचा होता. पुतण्याने सफाईने काढला. अक्षता पडतात, पण टाकणारा हात दिसत नाही. काम झाल्यावर तो जुनी फाईल पुसायला निघाला.

"ती ठेव," मी म्हटलं. "पन्नास वर्षांनी ह्यांची नातवंडं मामाला हुडकत येतील."

"आणि हार्ड डिस्कचे पैसे?"

मी दिले. वर पट्टी चिकटवली : 'मूळ प्रत. पुसू नये.' खाली जरा ठळक अक्षरात 'संकलन' आणि माझं नाव. ज्यात काहीच कापलं नाही त्यावर संकलकाचं नाव कसं, असं पुतण्याने विचारलं. न कापायलाही हात बसलेला लागतो, हे कळायला त्याला अजून बरीच लग्नं करावी लागतील. म्हणजे लोकांची.