साडेचार वर्षं मुरलेला खेळ

‘सायबरपंक 2077’ विंडोजवर आला डिसेंबर 2020 मध्ये, मॅकवर जुलै 2025 मध्ये. मॅकवाल्यांनी हळहळू नये. भर रस्त्यात हात फैलावून थिजलेली माणसं बघायची हौस विंडोजवाल्यांनी पदरचे पैसे मोजून भागवली. सोनीने तर खेळ काही महिने दुकानातूनच काढला होता. मॅकवाल्यांच्या पानात पडला तो दुरुस्त होऊन. अडचण किरकोळच: किमान 16 जीबी मेमरी लागते. मॅकची 8 म्हणजे जवळपास इतरांची 16, असं अ‍ॅपलच्या एका बड्या अधिकाऱ्याने 2023 मध्ये सांगितलं होतं. हा हिशेब खेळाला कुणीतरी समजावायला हवा. बिचारा विंडोजच्या संस्कारांत वाढलाय, साधी बेरीज-वजाबाकीच शिकलाय.