कुंडीतली तिसरी पाळी

बजाजनगरात पत्ता विचारला की सुटा भाग मागवल्यासारखं उत्तर मिळतं. आरएम अमुक, आरएल तमुक, आरएच एवढा. नवखा पाहुणा हातात चिठ्ठी धरून मोरे चौकात उभा राहतो आणि त्याला प्रश्न पडतो, आपण बहिणीकडे दिवाळीला निघालोय की स्टोअरमधून गॅस्केट आणायला? भूखंडांना ही अक्षरं एमआयडीसीने दिली आणि लोकांनी ती मुकाट्याने पाठ केली. समोरच्याचं आडनाव इथे कुणी विसरेल, पण त्याचा आरएच नंबर विसरणार नाही.

शहर म्हणावं तर ग्रामपंचायत वडगाव कोल्हाटीची. गाव म्हणावं तर पोळ्याला पुजायला बैल सापडत नाही, मातीच्या बैलांवर भागवावं लागतं. छत्रपती संभाजीनगरहून नगर रस्त्याने (अहिल्यानगर रस्त्याने म्हणायचं, जिभेला अजून वळण लागायचंय) दहा-बारा किलोमीटर आलं की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला. मागोमाग त्याला सुटे भाग पुरवणारे आले, मग त्यांना सुटे भाग पुरवणारे आले, आणि या सगळ्यांना माणसं पुरवायला बीड, जालना, परभणी, बुलढाणा, जळगाव कामाला लागले. ही माणसं जिथे मुक्कामाला राहिली ते बजाजनगर.

माणसांबरोबर झाडं आली. इथे कुंडी विकत घेणारा अजूनही नवखा समजला जातो. जुन्या जाणत्यांची बाग रंगाच्या डब्यांत, ऑइलच्या वीस लिटरी कॅनमध्ये आणि अपघातातून वाचलेल्या पण पट्टा तुटलेल्या हेल्मेटमध्ये फुलते. हेल्मेट डोक्यावर असायला हवं तेव्हा ते गाडीच्या आरशाला लटकलेलं असतं. निवृत्तीनंतर त्याला सदाफुलीच्या निमित्ताने का होईना, काम मिळतं.

या डब्यांवरून घरमालकाचा जिल्हा ओळखता येतो. बीडकराने ड्रममध्ये सीताफळ लावलेलं असतं, जालनेकराने मोसंबी. खान्देशी माणूस वितभर जागेत भरताचं वांगं काढतो आणि हिवाळ्यात गच्चीवर ते भाजून अख्ख्या गल्लीला धुराने आमंत्रण देतो. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, जळगावचं भरीत वांगं, मराठवाड्याचा केशर आंबा या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. ते ज्या मातीसाठी मिळालं, ती माती इथे नाही. इथे मुरूम आहे, बांधकामातून उरलेली कच आहे आणि वर शेणखताच्या नावाने दिलेलं काहीतरी आहे. तरी ड्रममधल्या सीताफळाला चार वर्षांनी दोन फळं धरतात. त्यातलं एक खार खाते. दुसऱ्याचा फोटो गावाकडच्या भावाला जातो आणि ज्याच्याकडे अख्खी बाग आहे तो भाऊ उत्तरादाखल अंगठा पाठवतो.

फुलांचा मामला वेगळा आहे. फुलं इथे पाळीप्रमाणे चालतात.

सपाट कुंडीत पसरणारं, गुलाबी-पिवळ्या फुलांचं एक बुटकं झाड असतं. पुस्तकात त्याला पोर्टुलाका म्हणतात, कुणी चिनी गुलाब म्हणतं, पण महाराष्ट्राने त्याला दिलेलं खरं नाव आहे 'ऑफिस टाइम'. ऊन चढलं, नऊ-दहा वाजले की उमलायचं आणि दुपार कलली की मिटून घ्यायचं. ही जनरल शिफ्ट. गुलबक्षी दुपारी चारनंतर उघडते, ती दुसऱ्या पाळीची. रातराणी, ब्रह्मकमळ तिसऱ्या पाळीला. आणि प्राजक्त? तो रात्रभर उभा राहून पहाटे अंग टाकतो, थेट रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखा. त्याच्या सड्याकडे पाहून ज्यांना कविता सुचते त्यांनी सकाळी सात वाजता मोहटादेवी मंदिराजवळ उतरणारी माणसंही एकदा पाहावीत.

एक गंमत मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या द्या, हे सरकारचं धोरण जुनं आहे आणि त्यावरून दर निवडणुकीत कारखान्यांच्या फाटकांवर घोषणा होतात. कुंड्यांमध्ये मात्र हे धोरण कुणी लागू केलेलं नाही. ऑफिस टाइम आणि गुलबक्षी दक्षिण अमेरिकेतून आलेली, रातराणी वेस्ट इंडीजकडची, ब्रह्मकमळ मेक्सिकोकडचं. तुळस, प्राजक्त अशी थोडी सोडली तर गॅलरीभर बहुतेक परप्रांतीयच. त्यांच्याविरुद्ध अजून तरी मोर्चा निघालेला नाही. बहुधा ती ओव्हरटाइम मागत नाहीत म्हणून.

आता झाडांच्या मालकाकडे वळू. त्याची बाग सकाळी सहाला भेटते आणि रात्री नऊला. मधला वेळ त्याच्यापाशी नसतो, प्रवासापाशी असतो. जो बजाजनगरात राहून इथेच काम करतो तो भाग्यवान. पण पोरांच्या कॉलेजसाठी सिडकोत राहून वाळूजला येणारे आहेत आणि वाळूजला राहून शहरापलीकडच्या चिकलठाण्याला, शेंद्र्याला जाणारेही आहेत. रोज सकाळी हे दोन्ही जथे नगर नाक्यावर एकमेकांकडे पाहतात. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: तू तिकडे नि मी इकडे, मग आपण घरं का नाही बदलत?

सगळ्यांना कंपनीची बस नसते. कायम कामगाराला असते, कंत्राटीला रिक्षा असते. इथे एक बारीक विनोद आहे. वाळूजच्या कारखान्यात तीनचाकी रिक्षा बनतात. इथली रिक्षा समुद्र ओलांडून नायजेरियाला जाते आणि तिथल्या गल्लीबोळांत ऐटीत फिरते. ती जोडणारा माणूस संध्याकाळी घरी जाताना शेअर रिक्षात चालकाच्या मांडीला मांडी लावून, अर्धा बाहेर, एका हाताने डबा आणि दुसऱ्याने दांडी धरून बसतो. त्यातही ती रिक्षा बहुतेक वेळा बारामतीला बनलेली अ‍ॅपे निघते.

या रस्त्यावर पुढेमागे मेट्रो धावणार आहे. शेंद्र्यापासून वाळूजपर्यंत मेट्रो आणि तिच्याखाली उड्डाणपूल असा दुमजली आराखडा महामेट्रोचा करून झाला आहे. आराखड्यातली मेट्रो वेळेवर धावते. तोवर एएस क्लबच्या चौकात जमिनीवरची वाहतूक जमिनीवरच राहते. आषाढी एकादशीला तर वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला एवढी गर्दी लोटते की वाहनं दुसऱ्या वाटेने वळवावी लागतात. त्या दिवशी उशिरा पोचलेल्या कामगाराला सुपरवायझरही काही बोलत नाही. वर्षभरात उशिराचं एवढं एकच कारण असं आहे, जे सांगताना हात जोडता येतात.

रविवारी सकाळी रोपांचा टेम्पो येतो. त्याच्या भोंग्यातून गुलाब, मोगरा, जास्वंद, चिकू, आंबा अशी हाळी येते आणि गल्ली चपला न घालता बाहेर पडते. टेम्पोतल्या गुलाबावर दहा कळ्या, त्यांतल्या तीन उमललेल्या. काकू भाव करतात. दीडशेचं झाड ऐंशीला पडतं आणि टेम्पोवाला हरल्याचा चेहरा करतो. त्यात तो कसलेला असतो.

यातली पुष्कळशी रोपं आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात. कडियम राजमहेंद्रवरमजवळ, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने धवलेश्वरमला बंधारा बांधला, त्याच्या कालव्यांवर तो मुलूख हिरवागार झाला. म्हणजे गोदावरीच्या शेवटाकडे, भरपूर पाण्यात लाडाने वाढलेलं रोप ट्रकमध्ये बसून नऊशेच्या आसपास किलोमीटर उलटं येतं आणि त्याच नदीच्या अशा टोकाला उतरतं, जिथे पाणी पाहायला पैठणला जावं लागतं. मुळाभोवती त्याच्या माहेरच्या मातीचा घट्ट गोळा असतो. तो इथल्या डब्यात तसाच ठेवून वरून माती लोटली की गोळ्यात पाणी शिरत नाही आणि मुळं बाहेर पडत नाहीत. पहिल्या आठवड्यात दहाही कळ्या उमलतात. घर खूश. तिसऱ्या आठवड्यात पानं गळतात. पाचव्या आठवड्यात त्याच डब्यात कोथिंबीर पेरली जाते. बदलीवर आलेल्या माणसाचं पहिल्या महिन्यात जे होतं तेच हे. माणसाला निदान जॉइनिंग भत्ता मिळतो.

पाण्याचं सांगायचं तर बजाजनगरकर शहरवाल्यांपुढे थोडा ताठ मानेने बोलतो. जायकवाडी धरण १९७६ पासून भरतंय आणि रितं होतंय. ते धरण पन्नासेक किलोमीटरवर असूनही संभाजीनगर शहरातल्या कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षं आठवड्याला एकदा नळ पाहिला. २०२० च्या डिसेंबरात १,६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं. पुढे पाण्याआधी खर्च चढला, तो २,७४० कोटींवर गेला. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहरीतून नुसत्या उताराच्या जोरावर शहरात पाणी आणलं होतं. विजेचं बिल नव्हतं, सुधारित अंदाजपत्रकही नव्हतं. इकडे एमआयडीसीची वाहिनी कारखान्यांसाठी असल्यामुळे कारखान्यांच्या आडोशाने बजाजनगरची तुळस जगते. तरी उन्हाळ्यात इथेही झाडांच्या वाट्याला तांदूळ धुतलेलं पाणी, कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणी आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं खारट पाणी येतं. या शेवटच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरी साय धरते. काका तिला बुरशी समजतात आणि वर हळद टाकतात.

खरी कसोटी पुढे असते. एके दिवशी साहेब सांगतात, पंतनगरला जायचंय, दहा दिवस. बजाजचा एक कारखाना उत्तराखंडात पंतनगरला आहे, दुसरा चाकणला, तेव्हा वाळूजच्या पुरवठादारांचे इंजिनिअर या त्रिकोणात फिरत असतात. चाकण असेल तर ठीक, शनिवारी रात्री घरी येता येतं. पंतनगर म्हणजे रेल्वे, दिल्ली, पुन्हा रेल्वे. बॅग भरायला वीस मिनिटं लागतात. झाडांची व्यवस्था लावायला अख्खी संध्याकाळ.

व्यवस्था कशी लावतात? ज्याच्या हाडांत कारखान्यातली काइझेन आणि फाइव्ह-एसची शिस्त मुरलीय तो बायकोला तोंडी सांगत नाही. तो फ्रिजवर तक्ता चिकटवतो. कुंडी क्रमांक १ ते २३. क्रमांक ४ (कढीपत्ता) एक तांब्या, एक दिवसाआड. क्रमांक ९ (कोरफड) आठवड्यातून एकदा, जास्त नको, जास्त नको खाली लाल रेघ. क्रमांक १७ (ब्रह्मकमळ) जागा हलवू नये, कळी आहे. शेवटी 'तपासणाऱ्याची सही' असा रकाना. बायको हा तक्ता वाचते, त्यावर दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी लावते आणि गेली बारा वर्षं जसं पाणी घालते तसंच घालते, सगळ्यांना पाइपने, एकदम. झाडं जगतात. परत आल्यावर तो सगळ्यांना सांगतो, सिस्टिम लावली की काम होतं.

त्याच्या कंपनीतही बाग आहे. ती वेगळ्या जातीची. पर्यावरण परवानगीच्या अटींमध्ये हरित पट्टा राखणं येतं, म्हणून कुंपणाच्या कडेने झाडं, मधोमध लॉन आणि लॉनवर पाटी: 'हिरवळीवर चालू नये.' ५ जूनला पर्यावरण दिनी तिथे साहेब एक रोप लावतात. खड्डा आदल्या दिवशी कंत्राटी माळ्याने खणलेला, रोप त्यानेच आणलेलं, झारीत पाणी त्यानेच भरलेलं. साहेब झारी धरतात तेवढ्या वेळात सहा फोटो निघतात. माळी फोटोत नसतो, तो झारी परत घ्यायला चौकटीच्या बाहेर उभा असतो. राज्यानेही २०१६ मध्ये दोन कोटी झाडांपासून सुरुवात करून २०१९ मध्ये तेहतीस कोटींपर्यंत मजल मारली होती. देव आणि रोपं दोन्ही तेहतीस कोटी. दोहोंचं अस्तित्व श्रद्धेवर सोडलेलं बरं.

तर आपला माणूस पंतनगरला पोचतो आणि इकडे दहा महिने वाट पाहायला लावणारी क्रमांक १७ ची कळी त्याच आठवड्यात मान वर करते. या झाडाला ब्रह्मकमळ म्हणतात ते आपल्याकडे. मुळात ही निवडुंगाची जात, पान खोचलं की रुजणारी. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं आणि ते उत्तराखंडाचं राज्यफूल आहे. म्हणजे माणूस खऱ्याच्या राज्यात आणि खोट्याचं फूल घरी, आणि जीव अडकलाय तो घरच्यात. रात्री साडेआठला शेजारपाजार जमतो. हळदकुंकू, उदबत्ती, चहा. साडेनऊला पाकळ्या सुटायला लागतात. बायको व्हिडिओ कॉल लावते, टॉर्चचा उजेड फुलावर धरते. त्या पांढऱ्याशुभ्र फुलाकडे तो क्षणभर पाहतो आणि म्हणतो, "मागच्या पानावर ते पिवळं काय आहे? जास्त पाणी झालंय. तक्ता बघ."

दहाला पोरं पेंगतात. पूजा झालेली असते, फोटो ग्रुपवर गेलेले असतात, शेजारणी आपापल्या घरी जातात आणि फाटकाला कडी लागते. फूल मात्र पूर्ण उमलतं ते अकरा-बाराच्या सुमाराला आणि उजाडायच्या आत मान टाकतं.

तेव्हा बजाजनगरात यंदा ज्यांच्या ब्रह्मकमळाला कळी असेल त्यांना एक विनंती. दुसऱ्या पाळीची माणसं मध्यरात्रीच्या आसपास चौकात उतरतात. फाटकाची कडी तेवढ्यापुरती काढून ठेवा.