शनिवार-रविवारची जहागिरी
(बेंगळुरूजवळ जमीन आणि दगडी घर घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

बेंगळुरूत दहा वर्षं काढलेल्या मराठी माणसाला सिल्क बोर्डच्या सिग्नलवर कधीतरी साक्षात्कार होतो: आपल्याला गावाकडे एक घर हवं. भिंती दगडी, छप्पर कौलारू, मागे आंबा, समोर डोंगर. साक्षात्कार झाला असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पायरी १. इतिहास वाचा. १६३८ मध्ये बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे आली. पुढे ती व्यंकोजींकडे गेली. ते तंजावरात, जहागीर इथे. इतक्या लांबून ती राखणं परवडेना, म्हणून त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांशी तीन लाखांची बोलणी सुरू केली. ती चालू असतानाच १६८७ मध्ये मोगलांचा कासिमखान आला, शहर घेतलं आणि त्याच गिऱ्हाइकाला त्याच भावात देऊन मोकळा झाला. बोध: जमीन दुरून राखता येत नाही. हा बोध लगेच विसरा, नाहीतर दुसऱ्या पायरीवर पोचणार नाही.

पायरी २. शेतकरी व्हा. २०२० पर्यंत कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नसे. तेव्हा इथली मराठी मंडळी गावी फोन करून विचारत, ‘काका, सातबाऱ्यावर माझं नाव आहे ना?’ काकांना वाटे, पोरगं वाटणी मागतंय. त्या वर्षीच्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं गेली, काकांची झोप परत आली. महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला अजून मागतात. म्हणजे स्वतःच्या तालुक्यात जे जमत नाही ते कनकपुऱ्यात जमतं.

पायरी ३. शब्द शिका. गुंठा तोच: तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्याला इथे ‘पहाणी’ म्हणतात. तिच्यात ‘खराब’ असा शब्द दिसेल. तो शेरा नव्हे, आपल्या पोटखराब्याचा भाऊ आहे. ‘अ’ खराब म्हणजे नांगर न चालणारी जागा. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशी सार्वजनिक जागा. ती कुणालाच विकता येत नाही. एजंट मात्र तीच आधी दाखवतो, कारण ओढ्याकाठी फोटो छान येतात.

एका ठिकाणी विनोद बंद. जमीन मुळात सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याने ती सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. तशी घेतलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते, आणि जावीच. इतकं कळल्यावर चहाही न घेता परत फिरा.

पायरी ४. कचेरीत जा. कर्नाटकात एके काळी लोक दारावर ‘नाळे बा’ लिहीत, म्हणजे ‘उद्या ये’. रात्री दार ठोठावणारं भूत ते वाचून परत जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. कचेरीच्या दारावर असं काही लिहिलेलं नसतं. आत गेल्यावर ते आदरार्थी बहुवचनात सांगतात. भुताइतका धीर ठेवा.

पायरी ५. पाणी शोधा. लालबागेतला खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे. तुमच्या जमिनीखालीही त्याच कुळातला दगड असणार, आणि पाणी असेल तर त्याच्या भेगांतच. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो. नारळ उभा राहिला की ‘नीरु इदे, सार!’ बोअर हजार फूट गेली तरी नारळावर शंका घेऊ नये, कारण मशीनवाला फुटामागे पैसे घेतो आणि नारळ प्रसाद म्हणून उरतो.

पायरी ६. घर बांधा. दगड स्वस्त आणि उत्तम. इथे कुंपणाचे खांबसुद्धा ग्रॅनाइटचे असतात. फक्त एप्रिलमध्ये दिवसभर तापलेली भिंत ते ऊन रात्री तुम्हाला परत करते. म्हणून अंगणात झोपावं. अंगणात डास असतात. म्हणून शहरात झोपावं.

पायरी ७. राखणदार ठेवा. हीच शेवटची पायरी. तो बायकामुलांसह मागच्या खोलीत राहायला येतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात पुढच्या ओसरीवर सरकतो. तुम्ही शनिवारी कनकपुरा रोडवर दोन तास घालवून पोचता तेव्हा तो घरमालकाच्या अगत्याने विचारतो, ‘यावाग बंद्री, सार?’ कधी आलात? बसायला खुर्ची देतो. नाचणी त्याने पेरलेली, कोंबड्या त्याच्या, कुत्रा तुमच्यावरच भुंकतो. निघताना पिशवीभर आंबे हाती ठेवतो आणि ‘पुन्हा या’ म्हणतो.

परतीच्या वाटेवर, टोलनाक्याच्या अलीकडे, पायरी १ आठवेल. अशा वेळी कुणी भाव विचारलाच, तर बोलणी फार लांबवू नका.